करवली कोण?

लाडखेड,
तुळशीचं लग्न लागल्यावर

प्रिय मंगे,

सगळे बरे आहेत. आबांचा गुडघा दुखतोच, आईची शुगर आहे तिथंच आहे. पुढचं वाच.

माझी तारीख निघाली, डिसेंबरातली. मुलगा तोच, नेरचा. तुला तो पसंत नाही हे माहीत आहे, पण तू एकच फोटो पाहिलास आणि त्यात तो शिंकायच्या बेतात होता.

पिंकीनं डोकं उठवलंय. म्हणते, ताई, मैत्रिणींना असंच काय विचारायचं, बॉक्स पाठवायचा. आत आरसा, बांगड्या, चॉकलेट, आणि कार्डावर 'माझी ब्राइड्समेड होशील का?' मोबाईलवर राणी व्हिक्टोरियाही काढून दाखवली. 1840 साली तिच्या लग्नात मागं 12 जणी होत्या आणि प्रत्येकीला गरुडाचा ब्रोच मिळाला. अंगभर फिरोजा, डोळ्यांत माणिक, नखांत मोती. आबा तिथंच कापसाची पावती घेऊन बसले होते. हमीभाव 8110, आणि व्यापाऱ्यानं ओल काढून किती कापले ते विचारू नको. म्हणाले, "तिच्या बापाले कापूस इकाचा नोता."

तुला बॉक्स-बिक्स काही मिळणार नाही. तू ये. तुझ्या लग्नात पाठराखीण म्हणून मावसबहिणीला नेलंस आणि 'शोभीला बस लागते' असं अजून सगळ्यांना सांगत फिरतेस. मला बस लागत नाही, मंगे.

घोर रेखीचा आहे. मांडवात माझ्यामागं कऱ्हा-दिवा घेऊन मला तीच हवी. आत्याला कळलं मात्र, सुरूच झाली: "सोडून आलेली पोरगी कायले उभी करतं वो मांडवात? करवली कुवार पायजे." आणि हे नळावरच्या बायांसमोर, म्हणजे रेखीपर्यंत पोचलंच असणार. आईचं म्हणणं, "उभी कर, पण मले इचारू नको."

आता विचारायचं कसं? बॉक्स घेऊन गेले तर म्हणेल, कीव करायला आली. हळदीत सहज म्हणावं, तर एवढ्या बायांत तिला धड हो म्हणता येणार नाही, धड नाही. चुडा भरायच्या दिवशी बोलवावं, तर हिरव्या बांगड्या पाहून उठून गेली म्हणजे? ती नाही म्हणेल याची भीती नाही गं. आत्याचं 'नाही' तिच्या तोंडून आलं तर काय करू, ही आहे.

ब्लाउज तिच्याकडंच टाकलेत. मापाला गेले तेव्हा ठरवूनच गेले होते. तिच्या दातात टाचण्या, माझ्या मानेभोवती टेप. तोंड उघडलं आणि म्हणाले काय, तर "बाही कोपरापर्यंत ठेव." ती म्हणाली, "मागच्या टायमाले पण हेच म्हणलं होतं, अन् मंग रडली होतीस."

शेवटी आपली आठवीतली टपाल सेवा. पेनाच्या टोपणात चिठ्ठी सरकवली: 'माझ्या मागं कऱ्हा धरशील? नाही म्हणायचं असेल तर कारण तुझं सांग, लोकांचं नको.' पेन अस्तराच्या पिशवीत टाकून पिंकीच्या हाती धाडला. काल पिशवी परत आली. ब्लाउज शिवून झालाय, बाही कोपरापर्यंत. पेन नाही. तुझ्याशी काही बोलली का? बोलली असेल तर आजच्या आज फोन कर, नसेल तर तिला छेडू नको.

आत्याची सोय मी लावून ठेवलीय. कोठीची किल्ली तिच्या कमरेला देणार. बुंदीची राखण सोडून ती मंगलाष्टकांना उठणार नाही. उठलीच, तर तू जवळ बस आणि तुझ्या सासूच्या तक्रारी काढ. त्या विषयात दोघींचं जमतं.

तुझी बदली झाली म्हणे? गुड्ड्याचा दात पडला? सगळं आल्यावर बोलू.

येताना माझी निळी ओढणी आण. ती तुझी नाही.

तुझीच,
शोभी