हात भिंतीवरून सुटावा म्हणून

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर आई बोलत होती आणि मागे बाबा दिसले. कपाटाला हात, मग खुर्चीच्या पाठीला, मग भिंतीला. बाबा, न्हाणीघरात पाय घसरला त्याला दोन महिने झाले. सूज उतरली, भीती काही उतरली नाही. पडू नये म्हणून तुम्ही बसून राहता, आणि बसून राहिल्यानेच मांड्या-पोटऱ्यांतली ताकद जाते. मला काळजी वाटते ती याचीच.

डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय-घोट्यांतून मेंदूला मिळणारी जाणीव, या तिघांवर आपला तोल असतो. वयाबरोबर हे सगळं मंदावतं, पण सरावाने तोल सुधारतो, अगदी सत्तरीनंतरही. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते. अशा व्यायामांनी पडण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्शाने कमी होतं. नुसतं चालणं त्याला पुरत नाही.

ओट्यापाशी उभे राहा. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवा, दोन्ही पावलं एका रेषेत. आधी दोन्ही हातांनी ओटा धरा. १० आकडे सहज जमले की एका हाताने, मग नुसती दोन बोटं टेकवून. घोटे थरथरतील, त्याला घाबरू नका. ती थरथर म्हणजे पाय तोल शिकताहेत. मात्र चक्कर आली तर लगेच बसा. दुसरं, खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. खुर्ची भिंतीला लावूनच ठेवा.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचाराच. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही तोल जातो, तेव्हा सगळ्या गोळ्या सोबत न्या.

आई, तू शेजारी उभी राहा, पण त्यांचा दंड धरू नकोस. धरलंस तर त्यांचे पाय काम करणार नाहीत. आणि त्यांचं झालं की तूही कर. तुझी हाडं ठिसूळ झालीत, तुला पडणं जास्त महागात पडेल.

रविवारी सकाळी फोन ओट्यावर टेकवून ठेवा. मीही इकडे ओट्यापाशी उभी राहते. आकडे बाबांनी मोजायचे.

तुमची,
लेक