आंधळ्या झालेल्या जादूगाराला खेळू द्या

संपादक महोदय, नमस्कार.

तरुणांच्या पानावर मोबाइल गेम्सबद्दल बरंच येतं, पण टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या रोलप्लेइंग गेम्सवर काहीच येत नाही, म्हणून हे पत्र. विषय अगदी बारीक आहे पण मला तो मनापासून मांडायचाय. डंजन्स अँड ड्रॅगन्समधे जादू करणारं कॅरेक्टर आंधळं झालं की कितीतरी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) त्या प्लेअरला "तुला दिसत नाही, तू काही करू शकत नाहीस" असं सांगून सरळ बाजूला बसवतात आणि असा नियम पुस्तकात कुठेही नाहीये.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा गेम १९७४ साली अमेरिकेत आला, प्रत्येकाचं एकेक कॅरेक्टर असतं आणि डीएम गोष्ट पुढे नेतो, नियमांचा निवाडाही तोच करतो. मी २०१४ च्या पाचव्या एडिशनप्रमाणे लिहितेय, २०२४ च्या सुधारित पुस्तकात काही स्पेल्सचे, म्हणजे जादूच्या मंत्रांचे, शब्द बदललेत.

तर आंधळं होणं म्हणजे नियमाने काय, तर जिथे बघावंच लागतं अशी प्रत्येक चेक (काही जमतंय का ते फासा टाकून बघणं) आपोआप फेल, तुम्ही कोणावर अटॅक केला तर वीस बाजूंचे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा, आणि तुमच्यावर कोणी अटॅक केला तर त्याने दोनातला मोठा धरायचा. बस एवढंच! स्पीड अर्धा होत नाही, ते ३.५ एडिशनमधे होतं आणि जुने डीएम ते अजून डोक्यात घेऊन बसतात. कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे चालू स्पेल टिकवून ठेवणारं लक्ष, तुटत नाही, मार लागला आणि सेव्ह (वाईट परिणाम टाळायला टाकलेला फासा) फेल गेली तर तुटेल, नुसतं दिसेनासं झालं म्हणून नाही. मंत्र म्हणायला तोंड लागतं, हातवारे करायला हात लागतात, डोळ्यांचा त्यात काही संबंध नाही. विझर्डने, म्हणजे पुस्तकातून जादू शिकणाऱ्या जादूगाराने, सकाळी तयार केलेली स्पेल्स त्याच्या डोक्यातच असतात, स्पेलबुक वाचता येणार नाही म्हणजे उद्या नवी यादी करता येणार नाही एवढंच, आजची यादी तशीच राहते.

खरा प्रश्न प्रत्येक स्पेलच्या मजकुराचा आहे आणि इथेच खरी गंमत आहे. मॅजिक मिसाइलला "तुला दिसणारा" जीव लागतो, म्हणजे ते गेलं. क्षणात दुसरीकडे नेणाऱ्या मिस्टी स्टेपला दिसणारी जागा लागते, दुसऱ्याची जादू मोडणाऱ्या काउंटरस्पेलला समोरचा जादू करताना दिसावा लागतो, क्लेरिकच्या (देवाच्या शक्तीने जादू करणारा) हीलिंग वर्डला जखमी मित्र दिसावा लागतो. पण क्युअर वून्ड्स हात लावून होतं, मित्राने "इकडे ये" म्हटलं की काम झालं. साथीदारांचे फासे सुधारणाऱ्या ब्लेसला दिसायची अट नाही. फायरबॉल १५० फुटांपर्यंतच्या एखाद्या बिंदूवर टाकायचा असतो आणि तो २० फूट त्रिज्येत फुटतो, तो बिंदू दिसलाच पाहिजे असं लिहिलेलं नाही. क्षणात दूर नेऊन सोडणारं डायमेन्शन डोअर तर नुसतं "सरळ खाली २०० फूट" असं अंतर आणि दिशा सांगूनही चालतं, मात्र तिथे आधीच कोणी किंवा काही असेल तर ४डी६ (सहा बाजूंच्या चार फाशांची बेरीज) डॅमेज आणि स्पेल वाया. आणि स्वतःभोवती आत्म्यांचा मारक घेर उभा करणाऱ्या स्पिरिट गार्डियन्समधे कोणाला वगळायचं ते तुला दिसणाऱ्यांमधूनच निवडायचं, म्हणजे आंधळ्या क्लेरिकने ते टाकलं तर त्याचे स्वतःचे मित्रही त्यात भाजणार. टेबलवरचा हा एक निर्णय किती अवघड आणि किती सुंदर आहे बघा, आणि आपण तोच प्लेअरच्या हातातून काढून घेतो.

दुसरं म्हणजे कान. शत्रू मुद्दाम लपला नसेल तर तो साधारण कुठे आहे हे आवाजावरून कळतं, तिथे अटॅक करता येतो, आणि तो तिथे नसलाच तर अटॅक आपोआप चुकतो, डीएमने फक्त "लागला नाही" एवढंच सांगायचं, का ते सांगायचं नाही. दशरथाचा शब्दवेधी बाण आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, आवाजाची जागा बरोबर होती पण तिथे जनावर नव्हतं, श्रावण होता. डीएमने नेमकं हेच टेबलवर आणावं. "डावीकडे साखळी खणखणली, तुझ्या मागे कोणीतरी धापा टाकतंय" असं सांगा आणि प्लेअरला ठरवू द्या.

मी हे एवढं तळमळीने लिहितेय कारण एका गेम कॅफेत एक नवीन मुलगी क्लेरिक घेऊन आली होती, दुसऱ्याच लढाईत ती आंधळी झाली आणि सेव्ह जमेपर्यंत प्रत्येक टर्नला डीएम "स्किप" म्हणत राहिला. ब्लाइंडनेस हे स्पेल एक मिनिट टिकतं, म्हणजे दहा राउंड, टेबलवर ते तासभर होऊ शकतं, आणि दर टर्नच्या शेवटी तिला सेव्ह मिळते तीच मधली एकमेव आशा होती. लेसर रिस्टोरेशनने ते लगेच जातं आणि ते क्लेरिकच्या यादीत आहे, तयार केलं असेल तर तिने स्वतःला हात लावूनच बरं केलं असतं, पण तिला ते कोणी सांगितलंच नाही. नंतर ती कधी दिसली नाही.

एक वाद मात्र खरंच मोकळा आहे. विझर्ड १०० फुटांच्या आतल्या, फाइंड फॅमिलियर स्पेलने बोलावलेल्या आपल्या घुबडाच्या डोळ्यांनी बघू शकतो, त्याला ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) लागते आणि तेवढा वेळ स्वतःचे डोळे आणि कान बंद होतात. आंधळ्याचे डोळे तसेही बंदच आहेत, म्हणजे किंमत फक्त कानांची. मग बोनस ॲक्शनने (त्याच टर्नमधली छोटी जादा कृती) मिस्टी स्टेप करून घुबडाला दिसणाऱ्या जागी जाता येईल का? पुस्तक स्पष्ट सांगत नाही, माझ्या टेबलवर मी हो म्हणते, कारण पूर्ण ॲक्शन आणि ऐकणं दोन्ही देऊन ३० फूट मिळत असतील तर ते महाग पडलेलंच आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी याच पानावर उत्तर लिहावं, मला खरंच वाचायचंय.

आपली वाचक,
एक डीएम, पुणे