‘डिफरंट ट्रेन्स’ त्या यादीत नको होतं

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत काम करताना लावून ठेवायच्या मिनिमलिस्ट, म्हणजे मोजकेच सूर पुन्हा पुन्हा घेत जाणाऱ्या, संगीताची यादी आली आहे. तीत एस्टोनियन संगीतकार आर्व्हो पेर्टच्या ‘श्पीगल इम श्पीगल’शेजारी अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं ‘डिफरंट ट्रेन्स’ आहे आणि दोन्ही रचना ‘मन शांत करणाऱ्या’ म्हटल्या आहेत. पेर्टच्या रचनेबद्दल वाद नाही, ती मीही रात्री ऐकतो. पण ‘डिफरंट ट्रेन्स’बद्दल असं छापलेलं वाचून गप्प बसवेना.

राइशचा जन्म १९३६चा. आईवडील विभक्त झालेले, आई लॉस एंजेलिसला आणि वडील न्यूयॉर्कला. १९३९ ते १९४२ या काळात सांभाळणाऱ्या बाईंबरोबर हा मुलगा दोघांमध्ये आगगाडीने ये-जा करायचा. पुढे त्याच्या मनात आलं, की आपण ज्यू. त्याच वर्षांत युरोपात असतो तर नाझींच्या छळछावणीकडे नेणाऱ्या वेगळ्याच गाडीत बसवले गेलो असतो. त्यातून १९८८ साली ही रचना झाली : दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो, सोबत त्याच वाद्यांचे आधी ध्वनिमुद्रित केलेले थर, गाड्यांच्या शिट्ट्या आणि माणसांची बोलणी. बोलणाऱ्यांत त्या बाई आहेत, रेल्वेतला एक निवृत्त कर्मचारी आहे आणि नाझी छळातून वाचलेले तिघे आहेत.

मी व्हायोलिन वाजवतो. आयुष्य गायकांच्या साथीत गेलं. गळ्यातून निघालेली जागा कानाने टिपून तारेवर उतरवायची, हे आमचं काम. इथे बहुतेक वेळा उलट घडतं. वाद्य आधी एक वळण वाजवतं, मग तेच वळण घेऊन माणूस बोलतो, आणि कळतं की अरे, हा सूर या बोलण्याचाच होता! बाईच्या बोलण्याला व्हायोला, पुरुषाच्या बोलण्याला चेलो. शिवाय नवं वाक्य आलं की लय बदलते, कारण बोलणारा ज्या गतीने बोलला तीच गती वादकांनी धरायची. मी गज हातात घेऊन नुसता पहिला भाग वाजवून पाहिला. लय एकदम पालटते तिथे हात अडखळतो. हे संगीत सोपं आहे असं म्हणणाऱ्याने एकदा तरी हे करून पाहावं.

दुसरा भाग युरोपातला. सायरन वाजत राहतात आणि हातावर आकडा गोंदल्याचं सांगणारा आवाज ऐकू येतो. मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ऐकणाऱ्याला त्यांच्यावरून पुढे सरकता येत नाही. पुनरावृत्ती इथे गुंगी आणण्यासाठी नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी एका गोड गळ्याच्या मुलीची आठवण आहे : ती गायची थांबली की जर्मन ‘आणखी, आणखी’ म्हणायचे आणि टाळ्या वाजवायचे. हे कानावर पडत असताना कोण हिशेब तपासत बसेल?

येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, एवढी विनंती. ‘डिफरंट ट्रेन्स’ यादीतून काढा आणि त्याबद्दल चार ओळी वेगळ्या लिहा. त्यात हेही सांगा की साधारण २७ मिनिटांची ही रचना एका बैठकीत, पहिल्या भागापासून ऐकावी. अमेरिकन गाड्यांच्या लांब शिट्ट्या कानात बसल्या असतील तरच दुसऱ्या भागातल्या शिट्ट्या निराळ्या आहेत हे लक्षात येतं.

आपला,
एक व्हायोलिनवादक वाचक