डावा हात वर केलास की मी थांबेन

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

काल शाळेतून वर्गाचा फोटो आला. माझा लेक त्यात दात दाखवून हसतोय. चार महिने हा मुलगा घरातसुद्धा तोंडावर हात धरून बोलत होता. फोटो बघून मला रडू आलं आणि म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तळजाईच्या उतारावर तो सायकलवरून पडला तेव्हा वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला, शेजारच्याचा तुकडा उडाला. तो दात मी रुमालात गुंडाळून नेला. पक्का दात असा पडला तर मुळाला हात न लावता दुधात घालून तासाभराच्या आत, जमलं तर अर्ध्या तासात, डॉक्टरांकडे पोचवायचा, म्हणजे तो परत बसण्याची आशा असते. हे मला तुमच्याकडून कळलं, तेही फार उशिरा. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं ना." त्या एका वाक्याने माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

तुमच्याआधी आम्ही दोन दवाखाने केले. पहिल्या ठिकाणी "काही दुखणार नाही" म्हणाले आणि दोघांनी हात दाबून धरून सुई टोचली. वर "एवढा मोठा घोडा झालास, रडतोस काय" हेही ऐकवलं. तेव्हापासून हा खुर्ची दिसली की थरथरायचा. दुसऱ्या ठिकाणी तर इम्प्लांटचं, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायचं, पॅकेजच समोर ठेवलं. नऊ वर्षांच्या मुलाला! मी पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती. जबडा वाढत असतो, बाजूचे दात हाडासोबत खाली येत राहतात आणि स्क्रू मात्र आहे तिथेच राहतो, म्हणून तो दात पुढे आखूड दिसायला लागतो, हे तुम्ही कागदावर पेन्सिलीने काढून दाखवलंत. वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण 18-20 वर्षांपर्यंत, दात लावलेल्या प्लेटवर भागवायचं आणि ती वाढीप्रमाणे बदलत राहायची. इतकी सरळ गोष्ट. जिथे सहज पैसे काढता आले असते, तिथे तुम्ही "आत्ता नको" म्हणालात.

पण मॅडम, माझ्या मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. शेजारच्या दाताची नस गेली होती, रूट कॅनलला पर्याय नव्हता. तुम्ही स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलात, मास्क खाली केलात आणि म्हणालात, "थोडं दुखेल. डावा हात वर केलास की मी थांबेन." त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा विश्वास बसला नव्हता, माझाही नव्हता.

मशीन सुरू होऊन पाच सेकंद झाली नसतील, हात वर. तुम्ही थांबलात. पुन्हा सुरू, पुन्हा हात वर. त्या वेळी त्याला दुखत नव्हतं, तो तुम्हाला तपासत होता. तुम्हालाही ते कळलं होतं, तरी थांबलात. बाहेर पेशंट खोळंबले होते, रिसेप्शनवरच्या ताई दोनदा डोकावून गेल्या. सहाव्यांदा थांबल्यावर त्याने हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच. पुढचा अर्धा तास हलला नाही.

मोठ्या माणसाला दिलेला शब्द आपण लाजेकाजेस्तव तरी पाळतो. मुलांना काहीही सांगून वेळ मारून नेतो, आणि ती सगळं लक्षात ठेवतात. तुमच्यासारखी माणसं भेटली की पुण्याच्या या धबडग्यातही कुठेतरी सगळं नीट चाललंय असं वाटतं.

परवा त्याचा गुडघा फुटला. मी औषध लावायला घेतलं तर गुपचूप डावा हात वर झाला. मॅडम, मी थांबले.

तुमची ऋणी,
तुमच्या एका छोट्या पेशंटची आई