रविवारची बैठक: ‘बाबांचे किस्से’

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता, सदाशिव पेठेतल्या नेहमीच्याच जागी जमायचं आहे. प्रत्येकाला सात मिनिटं. जुना फोटो, तिकीट, कुणाची सही घरात असेल तर जरूर आणा. हातात घेऊन बघण्यात वेगळीच मजा असते.

सुरुवात मी करणार आहे. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी बाबा आम्हा दोघा भावंडांना नेहरू स्टेडियमवर घेऊन गेले. विश्वचषकाचा सामना, केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. केनिया १६६ वर आटोपली तेव्हा शेजारचे काका उठायच्या तयारीत होते. मग वेस्ट इंडीजचा लारा ८ वर बाद झाला आणि अख्खा संघ ९३ वर गडगडला! तळहात लाल होईपर्यंत बाबा टाळ्या वाजवत होते. तिकिटामागे त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेले ‘९३’ अजून वाचता येतात. ते तिकीट आणतेय. खंबाटकी घाटात क्लचची वायर तुटली, तेव्हा आम्ही चौघं एकाच स्कूटरवर होतो, तेही सांगेन.

भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यातच काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ती खेळी कुणाच्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिली असेल, तर त्यांनी कृपा करून यावंच. असे किस्से आता फक्त आपल्याकडेच उरलेत.

बोलणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं. वडील सोबत येणार असतील तर आधी कळवा, पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवू.