इसार घेऊ नका, एवढ्यासाठी हे पत्र

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला गेले तर बाबा "बघू" म्हणतील आणि आई विषय बदलेल, म्हणून लिहिते आहे. आधी कामाचं. ओढ्याकाठच्या जमिनीसाठी जो माणूस दोनदा येऊन गेला, त्याच्याकडून इसार घेऊ नका. काकांची तयारी असली तरी नाही, आणि साठेखत तर मुळीच नाही. निदान शाळेच्या जागेचा निकाल लागेपर्यंत.

तो अचानक कुठून उगवला, हे त्याने तुम्हाला सांगितलं नसणार. आपल्या शेजारचा तुकडा नव्या सरकारी शाळेला दान मिळतो आहे. मालकाने शाळेची जागा ठरवणाऱ्या आमच्या समितीला पत्र दिलंय की जागा फुकट, फक्त फाटकावर वडिलांचं नाव लावा. पण त्या तुकड्याच्या तीन बाजूंची जमीन त्यांचीच आहे, चौथ्या बाजूला आपण. शाळा आली की रस्ता येतो, रस्त्यामागून पाणी आणि वीज, आणि मग प्लॉट पडतात. रस्ता सरकारी खर्चाने, भाव वाढणार त्यांचा. थोडा आपलाही, हे लपवण्यात अर्थ नाही. दलालाला हे तुमच्या आधी कळलं, म्हणजे जागा ठरवणाऱ्यांपैकीच कुणीतरी सांगितलं. कोणी, याचा मला अंदाज आहे, पण पत्रात लिहीत नाही.

पालकांची प्रतिनिधी म्हणून समितीवर गेले तेव्हा वाटलं होतं, नकाशा पसरायचा, मुलं राहतात तिथे ठिपके मारायचे, मध्य काढायचा, झालं. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकी नियोजनकाराने १९२९ साली वस्तीची जी रचना मांडली, तिच्यात शाळा मधोमध असते आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जातात, म्हणजे मुलांना ते ओलांडावेच लागत नाहीत. मी तेच डोक्यात घेऊन गेले. मध्यावर सरकारी जागा आहेही. पण तिथे वर्षानुवर्षं लोकांच्या गाड्या उभ्या राहतात, आणि गाड्या ज्यांच्या त्यांची मतंही तिथलीच. शाळा आपल्या वॉर्डात सगळ्यांना हवी, आपल्या दारासमोर कोणालाच नको. मग सगळ्यांपासून सारखी लांब असलेली ओढ्याकाठची जागा सगळ्यांच्या सोयीची ठरली.

मागच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर नव्हताच. शेवटी, निम्मे लोक उठायच्या बेतात असताना, 'ऐनवेळचे विषय' म्हणून आला. सूचक तयार, अनुमोदक तयार. इतिवृत्तात 'सर्वानुमते तत्त्वतः मान्यता' लिहायला सुरुवातही झाली होती. मी हात वर केला म्हणून 'बहुमताने' झालं. एका शब्दाचा फरक, पण त्यामुळे हरकती ऐकण्यासाठी एक बैठक ठेवावी लागली.

जागा पाहायला सगळे गाडीतून गेले होते. सात मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी मी धाकटीला दप्तर अडकवून पलीकडच्या वस्तीपासून चालत नेलं. पन्नास मिनिटं, त्यात दोनदा बसली. पोचल्यावर तिने कुंपणाच्या तारेतून काहीतरी ओढून काढलं आणि विचारलं, "आई, गवत तारेवर कसं उगवलं?" उगवलं नव्हतं. वाळलेलं गवत, प्लॅस्टिकच्या चिंध्या, एक तुटका चपलेचा अंगठा, सगळं एका रेषेत तारेला चिकटलेलं. रेषा तिच्या खांद्याइतकी उंच होती. बाबा, तुम्ही म्हणायचात ना, या तुकड्यात काही लावायचं तर आधी ओढ्याला विचारा!

समितीत हे सांगितलं तर उत्तर मिळालं की पूररेषेच्या नकाशात ही जागा बाहेर आहे. असेल. जपानमध्ये इशिनोमाकीची ओकावा प्राथमिक शाळाही नकाशात त्सुनामीच्या पट्ट्याबाहेरच होती. इतकी, की संकटात आसरा घ्यायची जागा म्हणून तिलाच नेमलं होतं. ११ मार्च २०११ ला नदीतून लाट वर आली आणि त्या शाळेची ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पुढे सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पालकांच्या बाजूने निकाल दिला. शाळा नदीच्या किती जवळ आहे हे दिसत असताना नुसत्या नकाशावर विसंबायला नको होतं, असा त्याचा रोख होता. आमचा ओढा म्हणजे समुद्र नव्हे, हे मलाही कळतं. पण नकाशा दाखवून बोलणाऱ्याला गप्प करायची रीत तीच आहे.

आणि फुकटच्या जागेबद्दल. अमेरिकेत नायगारा फॉल्सच्या शाळा मंडळाने १९५३ साली एका रसायन कंपनीकडून लव्ह कॅनॉलची जागा एक डॉलरला घेतली. खाली सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरलेला होता. हे लपवलेलंही नव्हतं, खरेदीखतातच लिहिलेलं होतं, आणि पुढे काही झालं तर कंपनी जबाबदार नाही, हेही. मुलं वाढत होती, जागा हवी होती, मंडळाने सही केली आणि १९५५ मध्ये शाळा सुरू झाली. १९७८ मध्ये ती बंद करून आसपासची कुटुंबं हलवावी लागली. आपल्या तुकड्याखाली विष नाही, चिखल आहे. पण आमच्या दानपत्रातही एक कलम आहे, की पायाभरणी आणि भराव याची जबाबदारी देणाऱ्याची नाही. मी ते मोठ्याने वाचलं, तर अध्यक्ष म्हणाले, दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत. सगळे हसले. मीही हसले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आता आपलं. माझ्या आई-वडिलांची जमीन त्या जागेला लागून आहे, त्यामुळे या विषयावर मी मत देणार नाही, असं मी लेखी दिलंय आणि इतिवृत्तात नोंदवून घेतलंय. आई म्हणेल, कशाला वाकड्यात शिरतेस. पण न सांगता विरोध केला असता, तरी उद्या कोणीतरी सातपट करून सांगितलंच असतं. याचा तोटाही झालाच. माझं एक विरोधी मत कमी झालं, आणि दान घेण्याच्या बाजूने आधीच एक मत जास्त होतं. म्हणजे मी प्रामाणिकपणे वागले आणि नको ती जागा पक्की व्हायला मदत केली. यावर दोन रात्री झोप नाही.

मत देता येत नसलं तरी हरकत कोणीही घेऊ शकतं. बाबा, गुरुवारी अकराला तुम्ही या. पाणी कुठवर येतं ते तुमच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. आणि शाळा तिथे झाली तर ज्याचा फायदा आहे, तोच माणूस नको म्हणतोय, हे त्यांना खोडता येणार नाही. काकांशी मी बोलेन, तुम्ही वाद घालू नका. ते रागावतील, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही रागावले असते.

तुम्ही नाही आलात तरी मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण समजून घेईन. याल तर काठी आणा, बैठक दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्याला कठडा नाही.

तुमची,
मोठी