जोडकाम करणाऱ्या सभासदांसाठी सूचना

नोकरी सांभाळून शिवणकाम, दुरुस्ती, शिकवणी किंवा भाषांतर अशी जोडकामे करणाऱ्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, काम हाती घेण्यापूर्वी त्याचे स्वरूप, मुदत, मोबदला आणि विनामूल्य करून द्यावयाच्या बदलांची मर्यादा लेखी ठरवून घ्यावी. साधा मेसेजही चालेल, मात्र तो जपून ठेवावा. दर ठरविताना बहुतेकांची गफलत होते. कपडा शिवायला लागलेला वेळ मोजला जातो, परंतु माप घेणे, अस्तर आणायला जाणे, फिटिंगसाठी पुन्हा उसवणे आणि मशीनची झीज हिशेबात धरली जात नाही, त्यामुळे राबूनही हाती फारसे उरत नाही. साहित्याचा खर्च आगाऊ मागण्यात संकोच बाळगू नये. ओळखीच्यांकडे तर मुळीच नाही, कारण उधारी बहुधा तिथेच थकते. नोकरीच्या करारात अन्य कामास मनाई आहे का, हे पाहून घ्यावे आणि प्रत्येक जमा रकमेची करासाठी स्वतंत्र नोंद ठेवावी. घरबसल्या कामाच्या नावाखाली नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणाऱ्यांपासून, तसेच आधी किरकोळ रक्कम खात्यात टाकून विश्वास संपादन करणाऱ्यांपासूनही, दूर राहावे. अशा जाहिराती गटात आढळल्यास त्या तत्काळ काढून टाकण्यात येतील.